पंजाला काम

राजूरला बदलीवर येणाऱ्या माणसाला दोन खोल्या मिळतात. जास्त मिळत नाहीत आणि कमी चालत नाहीत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे, शाळा-कॉलेज इथे, बँका, दवाखाना इथे. त्यामुळे भाडेकरूंचा हंगाम बारमाही. पुढची खोली बसायची, मागची स्वयंपाकाची, आणि जिथे आधी कोणी घोरायला लागेल ती झोपायची. या दोन खोल्यांत मी, बायको, सहावीतली मुलगी आणि पेढा असे चौघे राहतो. पेढा हा बोका. भंडारदऱ्याला निघालेल्या गाड्या ज्या पेढ्यांसाठी आमच्या बाजारपेठेत थांबतात, त्याच खरपूस खव्याचा याचा रंग. नाव शोधायला पंचांग उघडावं लागलं नाही.

नावात एक गोम मात्र आहे. २००५ साली अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखायला दोन जनुकांनी मिळून काम करावं लागतं. त्यातलं एक मार्जारकुळात फार पूर्वीच निकामी झालंय. वाघाचं आणि चित्त्याचंही तेच. म्हणजे आमचा पेढा जेव्हा पेढ्याचा तुकडा चाटूनपुसून संपवतो, तेव्हा तो खव्यातल्या तुपावर खूश असतो. साखर घातली काय, विसरली काय, त्याला दोन्ही सारखंच. हे मी एका मिठाईवाल्याला कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, असं गिऱ्हाईक गावात एकच असू द्या."

पेढा पूर्णवेळ घरात असतो. गावाला हे विचित्र वाटतं. मांजराने सकाळी बाहेर पडावं, दुपारी शेजाऱ्यांकडे असावं आणि दूध तापायच्या वेळेला आपल्या उंबऱ्यावर हजर व्हावं, अशी इथली रीत. पण आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात घरमालकीण आजींनी बजावलं होतं, "गुरुजी, दिवस मावळला की बोक्याला भाईर सोडू नका. वाघरू फिरतंय."

आजी अनेक गोष्टींबद्दल अनेक गोष्टी बजावतात, त्यामुळे मी जरा चौकशी केली. वाघरू म्हणजे बिबट्या, आणि चौकशीचा निकाल आजींच्या बाजूने लागला. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्याच अकोले तालुक्यात, खालच्या बागायती पट्ट्यात, बिबट्या काय खातो याचा अभ्यास केला. पद्धत सोपी आणि नाकाला पदर लावायला लावणारी : बिबट्याची विष्ठा गोळा करायची, धुवायची आणि आत कोणाकोणाचे केस निघतात ते बघायचं. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के माणसाच्या आसऱ्याने राहणारे प्राणी निघाले. पहिला नंबर कुत्र्यांचा, ३९ टक्के. दुसरा मांजरांचा, १५ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांवरच थांबला; कारण शेळीला रात्री आत घेऊन दार लावतात आणि कुत्र्या-मांजरांना कोणी विचारत नाही.

मांजर वाघाची मावशी, हे नातं आपण पाळण्यापासून ऐकतो. ते १५ टक्क्यांचं आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. मावशीने भाच्याला सगळ्या विद्या शिकवल्या, झाडावर चढायची तेवढी राखून ठेवली, आणि भाचा तिच्यावरच धावून आला तेव्हा ती सरसर झाडावर गेली, ही गोष्टही आपल्याला पाठ असते. रचणाऱ्याने वाघ पाहिला असेल. बिबट्या पाहिला नव्हता हे नक्की. हा भाचा शिकार तोंडात धरून झाडावर चढतो. मावशीने राखून ठेवलेला धडा त्याने शिकवणी न लावता पुरा केला.

तरी मान भाच्यालाच. दिवाळीच्या तोंडावर बाकीचा महाराष्ट्र वसुबारस करतो, तेव्हा आमच्या डांगाणातल्या आदिवासी वाड्यांवर वाघबारस असते. वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवायचा आणि गुरंढोरं सांभाळ म्हणून विनवायचं. वाघाला खिरीतलं गोड कळत नाही, हे फिलाडेल्फियाचं म्हणणं देवाच्या बाबतीत काढू नये, एवढं भान मला आहे. पण त्या नैवेद्यातली एक वाटी मावशीसाठी बाजूला काढलेली मी अजून तरी पाहिलेली नाही.

तर पेढा घरात. पावसाळ्यात तर त्यालाही वेगळं मत नसतं. घाटघरला कोसळणारा पाऊस आमच्यापर्यंत येताना जरा दमतो, पण दमलेला पाहुणा लवकर हलत नाही. इथली डांगी जनावरं त्या पावसात शांतपणे रवंथ करत उभी असतात. त्यांच्या कातडीला अंगचाच तेलकटपणा असतो, पाणी वरच्यावर ओघळून जातं. दरवर्षी राजूरला त्यांचं मोठं प्रदर्शन भरतं ते उगाच नाही. पेढ्याच्या पंजाला पागोळीचा एक थेंब लागला तर तो तो पंजा इतका वेळ झटकतो, की पाऊस पाडल्याबद्दल आपणच माफी मागावी असं वाटायला लागतं.

अडचण कोंडण्याची नव्हती. अडचण कामाची होती.

माणसाने मांजर घरात घेतलं ते लाडाने नव्हे. धान्य साठलं, धान्यावर उंदीर आले, उंदरांवर मांजर आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलंय. म्हणजे हा करार तेव्हाही जुनाच असणार. आमच्या भागात काळभात आणि आंबेमोहोर कणगीत पडायचा आणि कणगीच्या आडोशाला मांजर ड्युटीवर असायचं. आजी सांगतात, त्यांच्या सासूबाई मांजराला जेवायला कमी वाढायच्या, पोट भरलं तर उंदीर कोण धरणार म्हणून. आता आजींकडे पत्र्याच्या कोठ्या आहेत. आमच्याकडे तर तांदूळ येतो तोच पाच किलोच्या पिशवीत आणि राहतो फिरकीच्या झाकणाच्या डब्यात. उंदराला त्यात शिरायचं तर त्याला आधी आमच्यासारखे हात लागतील.

म्हणजे पेढा हा कारखाना बंद पडलेला पिढीजात कारागीर आहे. अठरा नखं धारदार, कान वाटेल तिकडे फिरणारे, अंधारात नजर चालणारी, आणि काम शून्य. रिकाम्या कारागिराने आमच्या घरात काय काय कामं काढली ते सांगत नाही. दिवाणाच्या कडेला आता मूळ कापड कोणतं आणि पेढ्याने केलेलं कोणतं हे ओळखू येत नाही. बायकोच्या निऱ्यांवर मागून झालेले हल्ले मोजले जात नाहीत. जेवून झोपणं हा उरलेल्या वेळातला उद्योग, आणि त्याचा परिणाम पोटावर दिसायला लागला होता. आजींच्या सुनेने एकदा आपुलकीने विचारलं, "कधी व्यायची?"

बेकारीवर महाराष्ट्राने औषध फार आधी शोधलंय. वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात गावोगाव उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे देशाने २००५ साली तोच कित्ता गिरवला. मागेल त्याला काम. आमच्या घरीही योजना सुरू झाली. मी मंजुरी देणारा अधिकारी, मुलगी मुकादम, बायको लेखापरीक्षक. एकच फरक पडला : सरकारी योजनेत मजूर काम मागत येतो, इथे मुकादम मजुराला दिवाणाखालून ओढून काढत होता.

काम किती द्यायचं याचा हिशेब माणसाच्या हिशेबाहून वेगळा आहे. माणसाला तासभर चालून आल्यावर पुण्य लागल्यासारखं वाटतं. मांजर लांब पल्ल्याचं जनावर नाही. दबा धरायचा, झेप घ्यायची, संपलं. मोकळं मांजर दिवसभरात अशा कितीतरी लहान लहान शिकारी करतं आणि मधल्या वेळात झोपतं. त्यामुळे पाच-दहा मिनिटांचं काम, दिवसातून दोन-तीनदा, एवढं पुरतं. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं, की मालकाने मांजराला रोज पाच-दहा मिनिटं नीट खेळवलं तर ते बाहेरून मारून आणतं त्या जिवांत २५ टक्के घट होते. धान्य नसलेलं, मांसाचं खाणं दिलं तर ३६ टक्के. दूधभाकरीवर सांभाळलेल्या आपल्या मांजरांनी शेजारचं कोंबडीचं पिल्लू का पळवलं, याचा उलगडा या दुसऱ्या आकड्यात असावा. पण तो घेऊन आजींकडे जायची माझी तयारी नाही.

पहिलं काम काढलं ते काठी-सुतळीचं. काठी आंब्याची, सुतळी पोत्याची, टोकाला आजींच्या गावरान कोंबडीचं पीस. मुकादमाने ते पीस मजुराच्या नाकासमोर नेऊन नाचवलं. पेढ्याने मान वळवून कॅलेंडर बघायला सुरुवात केली. बरोबरच होतं त्याचं. कोणता उंदीर मांजराच्या नाकासमोर येऊन नाचतो? उंदीर दूर जातो, थबकतो, कशाच्या तरी आड होतो. पीस सरपटत चपलांच्या आड गेलं, अर्धं दिसेनासं झालं, जरा थरथरलं, आणि पेढ्याचा मागचा भाग डावी-उजवीकडे डोलायला लागला. ते डोलणं ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. झेप चपलांसकट झाली.

यात दोन कलमं पाळावी लागतात. एक, शेवटी शिकार त्याच्या हाती लागलीच पाहिजे आणि लगेच चिमूटभर सुकट पुढे आली पाहिजे. मग तो खातो, अंग चाटतो आणि झोपतो. शिकारी जनावराचा दिवस असाच संपतो. दोन, काम झालं की काठी उंच खिळ्याला. सुतळी मांजराने गिळली तर आतड्यात गुंतते आणि प्रकरण ऑपरेशनवर जातं. आमच्याकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा हात डांगी बैलांवर बसलेला. पेढ्याला टोचायला नेलं तेव्हा त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं होतं, "आणि बाकीचं?"

दुसरं काम कवडशाचं. आमचं घर कौलारू, मधे एक काचेचं कौल. डिसेंबरात सकाळी त्यातून उन्हाचा कवडसा फरशीवर उतरतो आणि हळूहळू भिंतीकडे सरकतो, पेढा त्याच्या मागे मागे. मुलीने दारात ताटली तिरपी धरली की दुसरा कवडसा तयार. तो भिंतीवर पळतो, तुळईवर चढतो, देव्हाऱ्याला प्रदक्षिणा घालून येतो. पेढा भिंतीवर एवढा उंच चढतो की घरमालकिणीला रंगाचा खर्च कोणी द्यायचा ते ठरवावं लागेल.

आता ऐका. २२ ऑगस्ट १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दोन गृहस्थांना एक पेटंट दिलं. विषय : मांजराला व्यायाम देण्याची पद्धत. लेझरचा ठिपका जमिनीवर पाडायचा, हलवायचा, मांजर मागे धावतं. झालं पेटंट. त्याच वर्षी, मार्चमध्ये, त्याच कार्यालयाने जखमेवर हळद लावण्याचंही पेटंट देऊन टाकलं होतं. हळदीसाठी आपला मराठी माणूस उभा राहिला. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध असा पुरावा घातला आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतलं. कवडशासाठी मात्र कोणी वकीलपत्र घेतलं नाही. मी आजींना विचारलं, तुमच्या लहानपणी मांजराला कवडसा दाखवायचात का? आजी म्हणाल्या, "आम्ही पितळी तांब्याचा दाखवायचो. तुमची ताटली आत्ताची." साक्षीदार पक्का होता, तांब्याही अजून घरात आहे. प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत नेण्याइतका गाडीखर्च तेवढा कोणी मंजूर केला नाही.

कवडशात खोट एकच, तो सापडत नाही. पेढा झडप घालतो, पंजा उचलून खाली बघतो, काही नाही. पुन्हा झडप, पुन्हा काही नाही. मांजरांच्या वागण्याचे जाणकार यासाठीच सांगतात की नुसत्या उजेडामागे पळवू नका, जनावर वैतागतं. मजुरी थकली की कोणता मजूर खूश असतो? म्हणून आमचा कवडसा हल्ली शेवटी बरोबर सुकटीच्या तुकड्यावर येऊन थांबतो. पावसाळ्यात ऊन नाही, तेव्हा बॅटरी. पण ती डोळ्यांत मारायची नाही आणि लाइट गेली की आधी माणसांनी वापरायची, असा लेखापरीक्षकाचा शेरा आहे.

तिसऱ्या कामाचा बोजवारा उडाला. खाणं फुकट वाढू नका, शोधायला लावा, म्हणजे डोकं चालतं आणि पोट उतरतं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे टाकले, वर कागदाचे बोळे ठेवले. पेढ्याने ट्रे हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि रिकाम्या वाटीशेजारी जाऊन बसला. बसूनच राहिला. माणसाची चूक दुरुस्त होईपर्यंत थांबायची त्याची तयारी होती.

नंतर कळलं की शास्त्र त्याच्या पाठीशी आहे. उंदीर, कबुतर, अस्वल, माकड अशा अनेक प्राण्यांना वाटीत आयतं खाणं आणि कष्टाचं खाणं असे दोन्ही पर्याय दिले, तर ते बरंचसं खाणं कष्ट करून मिळवतात. १९६३ पासून यावर प्रयोग चाललेत. २०२१ साली कॅलिफोर्नियात १७ पाळीव मांजरांना हाच प्रश्न विचारला गेला. मांजरांनी आयत्या वाटीला कौल दिला, आणि ती काही आळशी मांजरं होती असंही नाही. चपळ मांजरांचंही तेच मत पडलं. सगळी प्राणिसृष्टी श्रमप्रतिष्ठेच्या बाजूने उभी असताना एकटं मांजर बाजूला झालं. मग विचार केला, की बिचाऱ्याच्या दृष्टीने ट्रेमधून दाणे वेचणं हे काम कारागिराचं नव्हेच. गवंड्याला निवडायला तांदूळ दिले तर तो तरी काय करील?

खोक्यांबद्दल थोडक्यात. मांजराला खोकं आवडतं. नेदरलँडमध्ये २०१४ साली निवाऱ्यातल्या नव्या मांजरांना खोकी देऊन पाहिली, तर ती लवकर रुळली. महाराष्ट्रात खोक्यांवर एरवी जे बोललं जातं त्याच्याशी याचा संबंध नाही. पेढ्याने अर्धा किलोच्या पेढ्यांच्या पुड्यातही बसून पाहिलं. चार पाय आत गेले, पेढा बाहेर राहिला.

खरी सोय झाली ती उंचीने. आम्ही दोन खोल्या चौरस फुटांत मोजतो आणि उसासे टाकतो. मांजराला वर किती जाता येतं ते महत्त्वाचं. उंचावरून सगळं दिसतं आणि पाठीमागून कोणी येत नाही. भिंतीला नवा खिळा ठोकायचा नाही असा आजींचा नियम, त्यामुळे फळ्या बाद. मग घरातल्याच सामानाची बदली केली : खिडकीखाली ट्रंक, तिच्याशेजारी शिलाई मशीन, मग कपाट, आणि कपाटावरून पोटमाळा. ट्रंकेवर गोधडी टाकली, खिडकीबाहेरच्या चिमण्यांचा कार्यक्रम सकाळ-संध्याकाळ आहेच. पोटमाळ्यावर गणपतीचं मखर, मुलीचा पाळणा आणि पेढा. बाहेरच्या भाच्याला झाडावर चढता येत असेल, पण कडी घातलेल्या दारातून शिलाई मशीनपर्यंत त्याचा प्रवेश नाही. घरभाडं तेच आहे. त्यातला मोठा भाग आता पेढा वापरतो.

रात्रपाळीचा तंटा मिटायला वेळ लागला. मांजर मूळचं तिन्हीसांजेचं आणि पहाटेचं जनावर. गावात काकड्याचे टाळ वाजायच्या आधी पेढा मांडणीवर चढायचा आणि स्टीलची पातेली एकेक करून खाली सोडायचा, मोठं आधी. आता रात्री निजानीज व्हायच्या जरा आधी काठी-सुतळीची पूर्ण पाळी होते, मग पोटभर जेवण. शिकार, भोजन, आंघोळ, झोप. पातेली बरीचशी जागेवर असतात. कधी एखादं पडतंच; तो ओव्हरटाइम धरायचा.

योजना अशी रुळत असताना श्रावणातल्या एका रात्री मोरीच्या भोकातून चिचुंद्री आत आली. चुकचुक करत भिंतीच्या कडेकडेने निघाली. बायको दिवाणावर चढली, मी तिला धीर द्यायला चढलो. मुलीचे डोळे चमकले. हजारो वर्षांचा करार, कणग्यांचे दिवस, सगळं आज चुकतं होणार होतं. तिघांनी कपाटाकडे पाहिलं.

पेढ्याने खाली बघितलं. मग तो सावकाश निघाला : कपाट, मशीन, ट्रंक, फरशी. चिचुंद्री भिंतीला लागून थबकली. पेढा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला, थांबला नाही. ज्या खिळ्याला काठी टांगलेली असते त्याच्याखाली जाऊन बसला, वर मान केली आणि लांब, स्पष्ट, अर्जाच्या सुरात ओरडला. काम मागितल्याची ही योजनेतली पहिली नोंद.

आरडाओरडा ऐकून आजी केरसुणी घेऊन आल्या. चिचुंद्री दोन फटक्यांत मोरीबाहेर गेली. केरसुणी भिंतीला टेकवून त्यांनी खिळ्याखाली बसलेल्या पेढ्याकडे बघितलं, दिवाणावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "ह्यो तर पार सरकारी झाला की."